हिशेब जुळला नाही, पण दिवस छान गेला

ताई, मी 56 वर्षांची. मुलं आपापल्या मार्गाला लागली, नोकरी दोन वर्षांपूर्वी सोडली. मागच्या महिन्यात मैत्रिणीच्या आग्रहामुळे एका संस्थेच्या निधी संकलनाच्या कार्यक्रमाला मदतीला गेले. अंध मुलांसाठी बोलकी पुस्तकं करायला पैसे जमवायचे होते. देणगीच्या टेबलावर दिवसभर मी एकटीच होते. आपली कुणाला तरी गरज आहे, असं कितीतरी दिवसांनी वाटलं. पण संध्याकाळी रोख 270 ने कमी भरली. कुणी काही बोललं नाही, तरी मनाला लागून राहिलंय. आणि दोन दिवसांत पुन्हा तेच : सकाळी उठून करायचं काय? त्यांनी पुढच्या कार्यक्रमाला बोलावलंय. जाऊ का, की एका दिवसाचा उत्साह म्हणून सोडून देऊ?
– एक वाचक

जा. पण मागच्या वेळेसारखं जाऊ नका.

आधी ते 270 मार्गी लावू, कारण पत्रात सगळ्यात जास्त दुखतंय ते तिथेच. रोखीच्या टेबलावर एकट्या माणसाला बसवलं ही आयोजकांची चूक आहे, तुमची नाही. पैशांजवळ कायम दोघं हवेत, आणि शक्यतो एकाच घरातले नकोत. चोर पकडता यावा म्हणून हा नियम आहे असं लोकांना वाटतं. खरं तर प्रामाणिक माणसावर संशयाची सावलीही पडू नये, यासाठी तो जास्त उपयोगी आहे.

आता आकड्याकडे बघा. 270 ला 9 ने पूर्ण भाग जातो. हिशेबनीसांची ही जुनी खूण : तफावतीला नऊने भाग गेला की आधी अंकांची अदलाबदल शोधायची. 580 ची पावती यादीत उतरवताना 850 लिहिली गेली, तर यादीची बेरीज नेमकी 270 ने फुगते आणि पेटीतले पैसे कमी दिसतात. हेच झालं असेल असं नाही, पण शोध इथून सुरू करावा. इथे सापडलं नाही तर पुढे बघा : ऑनलाइन आलेली देणगी पावतीवर ‘रोख’ म्हणून लिहिली गेली का, रद्द केलेल्या पावतीची रक्कम बेरजेत राहून गेली का, पेटीतले सुरुवातीचे सुट्टे मोजून लिहिले होते की अंदाजाने धरले होते. खजिनदारांना फोन करा आणि म्हणा, “स्थळप्रती (पावती पुस्तकात राहिलेल्या प्रती) आणि यादी घेऊन तासभर एकत्र बसू या.” फरक सापडला तर उत्तम. नाही सापडला तर ‘तफावत 270, कारण सापडलं नाही’ असं लिहून दोघांनी सही करायची आणि विषय संपवायचा. स्वतःच्या पाकिटातून भर घालू नका. त्याने चूक झाकली जाते आणि पुढच्या वेळी तीच पुन्हा होते.

पुन्हा टेबलावर बसायची वेळ आली तर सुट्टे आधी दोघांनी मोजून कागदावर लिहा. पावती पुस्तकाचा पहिला क्रमांक टिपून ठेवा. बिघडलेली पावती फाडून टाकू नका. दोन्ही प्रतींवर ‘रद्द’ लिहून त्या पुस्तकातच टाचून ठेवा. शेवटी नोटा मूल्यानुसार वेगळ्या करा, एकाने मोजाव्यात, आणि दुसऱ्याने त्याचा आकडा न बघता पुन्हा मोजाव्यात. आकडा आधी कानावर पडला की दुसरी मोजणी हटकून तिथेच येऊन थांबते.

आता त्या दोन दिवसांनी परत आलेल्या रितेपणाबद्दल. कार्यक्रमाच्या दिवशी गर्दी असते, घाई असते, कुणीतरी सारखं हाक मारत असतं. गरज असल्याची भावना तिथे आपोआप मिळते, आणि मंडप उतरला की तीही उतरते. तुम्ही गोळा केलेल्या पैशांचं पुढे काय झालं, हे तुम्हाला कुणी सांगितलं का? पत्रात तसं काही दिसत नाही. माझ्या मते गाडी अडलीय ती इथे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अ‍ॅडम ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2007 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या लोकांपैकी काहींची त्यांनी त्या पैशांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी भेट घालून दिली, तीही काही मिनिटांचीच. महिन्याभराने बघितलं, तर भेटलेल्यांचा फोनवरचा वेळ 142 टक्क्यांनी वाढला होता आणि जमवलेली रक्कम 171 टक्क्यांनी. ती माणसं पगारी होती, काम तेच रटाळ होतं, पगारही वाढला नव्हता. फक्त आपण कुणासाठी मागतोय, तो चेहरा दिसला होता.

म्हणून संस्थेला सांगा, ध्वनिमुद्रण चालतं तिथे एकदा येऊन बसायचंय. पुस्तक वाचलं कसं जातं, चुकलेली ओळ पुन्हा कशी घेतात, झालेली फाइल मुलांपर्यंत पोचते कशी, ते बघा. एखादं मूल ते ऐकताना भेटलं तर आणखी चांगलं, पण त्याच्यासमोर उपकारकर्त्याच्या थाटात उभं राहू नका. फोटो तर मुळीच नको.

आणि पुढच्या वेळी वेगळं काम मागून घ्या. कार्यक्रमाच्या सकाळी मदतीला ढीगभर माणसं असतात आणि निम्मी नुसती उभी असतात. खुर्च्या गोळा करायला संध्याकाळी तिघंच उरतात, आणि देणगीदारांना आभाराचं पत्र लिहायला तर कुणीच नसतं. हेच काम तुम्ही घ्या. आठवड्याच्या आत पत्र जायला हवं. महिना उलटला की ते दिलगिरीचं पत्र वाटतं. नावं पावतीवरून जशीच्या तशी उतरवा, शंका आली तर फोन करून विचारा. हजारो देणाऱ्या माणसालाही आपलं आडनाव चुकलेलं खुपतं. ‘आपल्या अमूल्य सहकार्याबद्दल’ वगैरे नको. ‘तुमच्या देणगीसह जमलेल्या पैशांतून अमुक पुस्तकाचं ध्वनिमुद्रण सुरू झालंय’ ही एक खरी ओळ पुरे. जे अजून झालेलं नाही ते झालं म्हणून लिहू नका, आणि ज्या कामासाठी पैसे मागितले त्याच कामाचा उल्लेख करा. सहा महिन्यांनी त्याच यादीला दुसरं पत्र : पुस्तक पूर्ण झालं, मुलं ऐकतायत. हे दुसरं पत्र फार थोड्या संस्था पाठवतात. ते लिहायचं तर तुम्हाला चौकशी करत राहावी लागेल, माहिती काढावी लागेल, लोकांची उत्तरं वाचावी लागतील. सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न आठवड्यातल्या एखाद्या सकाळपुरता तरी सुटेल.

एखाद्याच सकाळपुरता, हे मुद्दाम म्हणतेय. ‘हो’ म्हणणाऱ्या माणसाच्या अंगावर संस्था हळूहळू सगळंच टाकतात. त्यात वाईट हेतू नसतो, माणसं कमी असतात एवढंच. तासांचा आकडा पहिल्याच दिवशी सांगून टाका. महिन्याला आठ तास म्हणालात तर आठच. तीन महिन्यांनी वाढवायचे की सोडायचं ते ठरवा. दहा दिवस झपाटून काम आणि मग वर्षभर गायब, हे तुम्हालाही झेपत नाही आणि त्यांच्याही कामाचं नाही.

एक गोष्ट मात्र तपासा. तुम्ही लिहिलेलं रितेपण बहुतेक दिवस, दिवसभर, सलग दोन आठवड्यांहून जास्त टिकत असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, आवडत्या गोष्टींतही मन लागत नसेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. आभाराच्या पत्रांनी तो त्रास जाणार नाही.

तसं नसेल तर उद्या खजिनदारांना फोन करा. स्थळप्रती चाळायला बसाल तेव्हा प्रत्येक पावतीवरचं नाव आणि पत्ता एका वहीत उतरवून घ्या. मात्र ती वही संस्थेच्याच कपाटात राहू द्या; लोकांनी पत्ते संस्थेला दिलेत, आपल्याला नाही.