सरकारी जहाज कंपनी देशाला हवी कशाला? शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचा इतिहास काय, आणि ती विकली तर काय बिघडतं?

प्रश्न वाचला आणि आमच्या मेव्हण्यानंच नाव बदलून विचारलाय की काय, अशी शंका आली. "दाजी, सरकारला जहाजं चालवायची गरजच काय हो?" हा प्रश्न तो मला दर जेवणाला तांबड्या रश्श्याबरोबर वाढतो. शिरोली एमआयडीसीत त्याची फाउंड्री आहे, कास्टिंग युरोपला जातात. मी जहाजावरचा इंजिनिअर, नोकरीतली बरीच वर्षं शिपिंग कॉर्पोरेशनच्या जहाजांवर गेली. तेव्हा माझ्याकडून तटस्थ उत्तराची अपेक्षा ठेवू नका.

कंपनीचा जन्म 2 ऑक्टोबर 1961 चा. ईस्टर्न शिपिंग (1950) आणि वेस्टर्न शिपिंग (1956) या दोन कंपन्या एकत्र केल्या आणि 19 जहाजांवर संसार मांडला. एवढं कुठंही मिळेल. पण 'हवी कशाला' याचं उत्तर 1961 मध्ये शोधून सापडणार नाही, त्यासाठी आणखी पन्नासेक वर्षं मागं जावं लागतं.

1906 साली तुतिकोरिनला व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली, कोलंबोच्या फेरीसाठी. समोर ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन, म्हणजे 'बीआय'. बीआयनं तिकीट उतरवत उतरवत शेवटी फुकटावर आणलं, वर प्रवाशाला छत्री देऊ केली असं सांगतात. 1908 मध्ये पिल्लै राजद्रोहाच्या खटल्यात आत गेले, तुरुंगात त्यांना तेलाचा घाणा ओढायला लावला, आणि इकडं कंपनी बसली. तिकिटाचे दर पुढं कोण ठरवणार, ते वेगळं सांगायला नको.

मग वालचंद हिराचंद. मी सांगलीच्या वालचंद कॉलेजात मेकॅनिकल केलं. आमच्या वर्गात निम्म्या पोरांना वालचंद म्हणजे साखर कारखानावाले एवढंच ठाऊक होतं. सोलापूरचा माणूस, रेल्वेची कंत्राटं घेणारा, समुद्राशी काडीचा संबंध नाही. नरोत्तम मोरारजी, लल्लुभाई सामळदास आणि किलाचंद देवचंद यांच्यासोबत त्यांनी 1919 मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन काढली. पहिलं जहाज 'लॉयल्टी', महायुद्धात इस्पितळ म्हणून वापरलेलं, ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून विकत घेतलेलं. कंपनीला नाव त्यावरून मिळालं. (कंपनी शिंद्यांची नव्हती. हे मी आजवर इतक्यांना सांगितलंय की आता कंटाळा येतो.) 5 एप्रिल 1919 ला हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं, म्हणून 5 एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन असतो. सुट्टी नसते, त्यामुळं कुणाला पत्ता नसतो.

त्या काळची 'डिफर्ड रिबेट'ची भानगड नीट समजून घ्या. व्यापाऱ्यानं ठराविक मुदतीत सगळा माल ठरलेल्या गोऱ्या कंपन्यांच्याच जहाजातून पाठवला, तर भाड्याचा काही हिस्सा परत मिळायचा. पण लगेच नाही. पुढच्या मुदतीतही इमान राखलं तरच. मध्येच एक खोकं जरी दुसऱ्याच्या बोटीत चढवलं, की साठलेली सगळी सूट बुडाली. ऊसतोडीच्या उचलीसारखाच प्रकार, पैसा अडकवून माणूस बांधायचा. देशी कंपनी दर कितीही कमी लावो, व्यापारी तिच्याकडं येणार कसा? शेवटी 1923 मध्ये सिंदियाला बीआयशी करार करून नुसत्या किनारी वाहतुकीवर समाधान मानावं लागलं. 1928 मध्ये साराभाई नेमचंद हाजी यांनी 'किनाऱ्यावरचा माल देशी जहाजांसाठी राखून ठेवा' असं विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात आणलं, त्याचा कायदा काही झाला नाही. गोरे मालक होते ते जहाजांचेच नव्हे, भाड्याच्या दराचेही.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. मार्च 1948 मध्ये विशाखापट्टणमला सिंदियाच्या गोदीत बांधलेलं 'जलउषा' नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. पण जहाजाला पैसा प्रचंड लागतो, परतावा सावकाश येतो, आणि खासगी भांडवल तेवढं पुरत नव्हतं. म्हणून सरकार उतरलं. मेव्हण्याचा लाडका मुद्दा इथं येतो: खासगीवाल्यांना कर्ज द्यायचं, ते चालवतील. अरे, दिलं की! धर्म तेजा यांच्या जयंती शिपिंगला सरकारनंच कोट्यवधींचं कर्ज दिलं होतं. पैशांचा घोळ उघडा पडला, गृहस्थ देशाबाहेर, 1966 मध्ये सरकारला कंपनी ताब्यात घ्यावी लागली आणि 1973 मध्ये ती शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली. तेजांना ब्रिटनमधून परत आणून तुरुंगात घातलं. खासगीच्या खड्ड्यात माती सरकारी कंपनीनंच टाकली. हजच्या जहाजांसाठी प्रसिद्ध असलेली 1877 सालची मोगल लाइनही 1986 मध्ये हिच्यातच आली.

आता माझा काळ. 1984 पासून कंपनीनं क्रूड तेलाच्या पंधरा टँकरना परमवीर चक्र विजेत्यांची नावं दिली. त्यातल्या एकावर मी फोर्थ इंजिनिअर होतो. 'लेफ्टनंट रामा राघोबा राणे पीव्हीसी' हे असंच एक नाव. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात घरटी एक फौजी, त्यामुळं आमच्याकडं या नावांची ओळख करून द्यावी लागत नाही. एकदा एका परदेशी बंदराबाहेर इंजिन टेलिग्राफ (ब्रिजवरून इंजिनरूमला हुकूम देणारं यंत्र) कुरकुर करत होता म्हणून मी ब्रिजवर गेलो होतो. थर्ड मेट, म्हणजे ब्रिजवरचा अधिकारी, व्हीएचएफ रेडिओवर बंदराला जहाजाचं नाव सांगत होता. पलीकडचा म्हणाला, पुन्हा सांगा. पुन्हा सांगितलं. म्हणाला, अक्षरं सांगा. अक्षरं सांगून झाल्यावर त्यानं विचारलं, शेवटचं 'पीव्हीसी' म्हणजे पाइपची कंपनी का? कॅप्टननं थर्ड मेटच्या हातातून फोन घेतला आणि 1948 ची नौशेराची लढाई, सुरुंग, रणगाड्यांसाठी केलेली वाट, सगळं त्या बंदरवाल्याला ऐकवलं. पायलट बोट येईपर्यंत. खाली इंजिनरूममध्ये सेकंड इंजिनिअर 'स्टँडबाय' लावून घामानं निथळत होता आणि वर हे पोवाडे. भाड्याच्या झेंड्याखालच्या, कुठल्या तरी बेटाच्या नावानं नोंदलेल्या जहाजावर असलं काही कानावर पडायचं नाही. ती पण पगार देतात, बऱ्याचदा जास्त देतात.

मेव्हण्याला असल्या गोष्टी 'भावनिक' वाटतात. ठीक आहे, धंद्याचं बोलू.

नोव्हेंबर 2019 मध्ये मंत्रिमंडळानं कंपनी विकायला तत्त्वतः मंजुरी दिली, डिसेंबर 2020 मध्ये खरेदीदारांकडून प्रस्ताव मागवले. त्या आठवड्यात मेव्हण्यानं मला पेढे द्यायचंच काय ते बाकी ठेवलं. "दाजी, पांढरा हत्ती गेला एकदाचा." आणि 2021 उजाडलं. कंटेनर मिळेनात. न्हावा शेव्याहून युरोपचं भाडं कैक पटींनी वर गेलं. याच्या कारखान्याच्या शेडमध्ये मी स्वतः बघितलंय: पंप हाउसिंगचे पॅलेट छतापर्यंत रचलेले, गंजरोधक तेल दुसऱ्यांदा मारलेलं, तरी कडांना तांबूस पूड दिसायला लागलेली. जहाजावर जागा मिळवून देणारा फॉरवर्डर रोज सांगायचा, बुकिंग पुढच्या जहाजावर ढकललंय. कराराचा दर? जहाज कंपनी म्हणाली, त्या दरात जागा नाही. प्रीमियम भरा, मग बघू. मेव्हण्याचा फोन आला, "दाजी, तुमच्या ओळखीनं एखादा कंटेनर हलतोय का बघा की."

मी त्याला एवढंच विचारलं की जगातल्या पहिल्या दहा कंटेनर कंपन्यांत भारताची एक तरी आहे का? नाही. मग तुझं भाडं कोण ठरवणार? 1919 मध्ये लंडनला ठरायचं, आता युरोपातल्या दुसऱ्या दोन-चार शहरांत ठरतं. 1980 च्या दशकाच्या अखेरीस आपल्या परदेशी व्यापारातला 40 टक्क्यांच्या आसपास माल आपल्या जहाजांतून जायचा. आता 10 टक्केही जात नाही. उरलेलं भाडं परकीय चलनात बाहेर जातं. 1990 मध्ये कुवेतात आपली माणसं अडकली तेव्हा धान्य घेऊन 'विश्वसिद्धी' गेलं, ते शिपिंग कॉर्पोरेशनचंच. युद्धाच्या तोंडावर परदेशी मालकाला 'जा' म्हणता येत नाही. तो विम्याचा हप्ता बघतो आणि नांगर टाकून बसतो.

मेव्हणा हुशार आहे. तो म्हणाला, तुमच्या कंपनीनं तरी मला स्वस्तात कंटेनर दिला असता का? बाजारभावच लावला असता. हे खरं आहे. दोन-चार कंटेनर जहाजांनी दर हलत नसतो, आणि कंपनीकडं त्याहून फार जास्त नव्हतीही. 2011-12 पासून सलग तीन वर्षं कंपनी तोट्यात होती, तेही खरं. जहाजं मंदीत घ्यायची असतात. सरकारी कंपनी निविदा, मंजुरी, फाइल यात अडकते आणि सही होईपर्यंत बाजार चढलेला असतो. पण यावर 'वाढवा आणि मोकळं सोडा' हाही इलाज असतो, फक्त 'विका' नव्हे. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो रस्सा मागायला उठला.

विकल्यानं काय बिघडेल, हे तुम्ही विचारलं होतं ते राहिलंच. मुंबईतली इमारत, पवईची प्रशिक्षण संस्था असल्या मालमत्ता वेगळ्या कंपनीत काढून झाल्यात, त्यामुळं उद्या विकली तर प्रामुख्यानं जहाजंच विकली जातील. हे लिहितोय तोवर तरी विकलेली नाही. माझ्या मते मालक कोण, यापेक्षा झेंडा कुठला, म्हणजे जहाज कुठल्या देशात नोंदलंय, हे महत्त्वाचं. खासगी मालक भारतीय झेंडा कितपत टिकवेल? आजच्या करांच्या हिशेबात त्याला ते परवडत नाही. परदेशी झेंड्याखाली पुरेसे दिवस बाहेर काढलेल्या जहाजावरच्या पोराचा पगार करमुक्त होऊ शकतो, मालकाला कर्जही तिकडं स्वस्त मिळतं. हे आधी सुधारा, मग विकायचं का ते बोला. उलट क्रमानं केलंत तर पाच वर्षांत ती जहाजं दुसऱ्याच देशाच्या नोंदवहीत दिसतील.