सीएसआरमधली ५ टक्क्यांची अट आणि लेखापालाचा पगार

तुमची अडचण अशी की तुमच्या संस्थेला सीएसआर निधी (कंपनीने सामाजिक कामासाठी द्यायचा पैसा) देणारी कंपनी प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांवर एक रुपया द्यायला तयार नाही, आणि जास्त मागितलं तर संबंध बिघडतील अशी धास्ती आहे.

ती मर्यादा तुमच्यावर नाहीच. जानेवारी २०२१ च्या सुधारित सीएसआर नियमांत ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला लावली आहे. काम राबवणाऱ्या संस्थेचा व्यवस्थापन खर्च त्यात धरायचा नाही, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ च्या प्रश्नोत्तरांत स्पष्ट केलं आहे. त्याची प्रत ईमेलला जोडा. सीएसआर अधिकाऱ्यालाही ती हवीच असते, कारण त्याला वर फायनान्सला उत्तर द्यायचं असतं. (परदेशी निधीचं गणित वेगळं. तिथे परदेशी देणगी कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीपासून प्रशासकीय खर्चावर २० टक्क्यांची मर्यादा खरोखर संस्थेवर आहे.)

पण अंदाजपत्रकात 'प्रशासन – १० टक्के' अशी मोघम ओळ टाकू नका, कात्री पहिली तिथेच लागते. लेखापालाचा पगार दरमहा २२,००० आणि या प्रकल्पाला त्याचा पाव वेळ, म्हणजे वर्षाला ६६,००० असं मांडा. उरलेला पाऊण पगार कोणत्या निधीतून निघतो तेही लिहा. एकच पगार दोन देणगीदारांकडे पूर्ण दाखवलेला ऑडिटमध्ये सापडला, तर पुढे कितीही खुलासे केलेत तरी कुणी ऐकत नाही.

हप्त्यांचं आत्ताच बोला. पहिला हप्ता १०० टक्के खर्चून उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावरच खर्चल्याचा दाखला) दिल्यावरच दुसरा, अशी अट असेल तर मधले दीड-दोन महिने पगार थकतात आणि गावातले कार्यकर्ते सोडून जातात. ७५ टक्के खर्चावर पुढचा हप्ता मागा. करार ऑक्टोबरात होणार असेल, तर कंपनीच्या संचालक मंडळाकडून प्रकल्प 'चालू प्रकल्प' (एका आर्थिक वर्षापेक्षा जास्त चालणारा) म्हणून मंजूर करून घ्या. मग न खर्चलेला निधी कंपनी ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या खात्यात टाकते आणि तो पुढची ३ वर्षं वापरता येतो. नाहीतर मार्चमध्ये नको ती खरेदी होते.

करारात आणखी दोन कलमं घाला: खर्चाच्या एका हेडमधून (शीर्षकातून) दुसऱ्यात १० टक्क्यांपर्यंत रक्कम परवानगीशिवाय वळवता यावी, आणि करार कुणीही मोडला तरी ६० दिवसांची नोटीस, त्या काळातल्या पगारांसह.

काम अडलं तर तिमाही अहवालाची वाट न पाहता त्याच आठवड्यात फोन करा. '१२ पैकी ३ गावांत ग्रामसभेचा ठराव झाला नाही, ही गावं बदलायची का?' एवढंच विचारा आणि झालेलं बोलणं संध्याकाळी ईमेलवर टाका. अधिकारी बदलला की तोच ईमेल कामी येतो.