तुमचे आवडते भयपट कोणते, आणि ते खरंच भीतीदायक का वाटतात?

तुम्ही प्रश्नात खाली लिहिलंय की बरेच हॉरर बघून झाले पण दचकण्यापलीकडे काही होत नाही, मग लोकांना एवढी भीती कशाची वाटते. मी याच तक्रारीपासून सुरुवात करते कारण मलाही दचकवणारे सिनेमे आवडत नाहीत, आणि माझे जे आवडते आहेत ते सगळे एकाच कारणाने आवडते आहेत.

दचकवणारा सिनेमा आधी सांगून येतो. मागचं संगीत बंद होतं, बाई बाथरूममध्ये आरशाचं कपाट उघडते, गोळ्या घेते, कपाट बंद करायला लागते, आणि शाळकरी पोरालाही कळतं की आता आरशात मागे कोणीतरी उभं असणार. असतं. धाडकन आवाज होतो, आपण उडतो, आणि पुढच्या सेकंदाला मोकळे. त्या आवाजातून दिग्दर्शक आपल्याला सांगत असतो की घाबरायचं ते आत्ता, आणि झालं, आता श्वास घ्या. खरा भयपट हा इशारा देतच नाही. कधी घाबरायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं, आणि मग कधी संपलं तेही कोणी सांगत नाही, त्यामुळे रात्री पाणी प्यायला उठलो तरी ते आपलं चालूच असतं.

याचा माझ्या मते सगळ्यात शुद्ध नमुना म्हणजे १९६१ चा 'द इनोसंट्स'. ब्लॅक अँड व्हाइट, जॅक क्लेटनचा, हेन्री जेम्सच्या गोष्टीवरचा. डेबोरा कर एका मोठ्या हवेलीत दोन अनाथ मुलांना सांभाळायला येते, एवढीच सुरुवात. त्यात एक तळ्याकाठचा सीन आहे, दिवसाउजेडी, छोटी मुलगी गुणगुणतेय, आणि पलीकडच्या काठाला लव्हाळ्यात काळ्या कपड्यातली एक बाई उभी आहे. बस, उभी आहे. ती काही करत नाही, कॅमेरा तिच्यावर झेप घेत नाही, संगीताचा दणका नाही. ती इतकी लांब आहे की चेहरा नीट दिसत नाही आणि आपण नकळत डोळे बारीक करून बघायला लागतो, आणि तिथेच फसतो, कारण आता घाबरवायचं काम आपलं आपणच करतोय. कॅमेरामन फ्रेडी फ्रान्सिसला तो सिनेमास्कोपचा लांबलचक पडदा नको होता पण स्टुडिओचा हट्ट, म्हणून त्याने फिल्टरच्या कडा हाताने रंगवून फ्रेमच्या दोन्ही बाजू अंधाऱ्या केल्या. त्यामुळे मेणबत्ती घेऊन ती जिन्याने चालते तेव्हा मधे उजेड आणि दोन्हीकडे काळोख, आणि आपलं लक्ष तिच्यावर राहतच नाही, आपण कडेला बघत बसतो. साठ वर्षांहून जुना सिनेमा आहे, कंप्युटरचा एक इफेक्ट नाही, तरी बघा काय होतं ते.

हेच तंत्र आपल्या काळात कोणी पेललं असेल तर अरी ॲस्टरने, 'हेरेडिटरी' मध्ये, २०१८ साली. एक शॉट आहे, मुलगा अंधाऱ्या खोलीत पलंगावर उठून बसलाय आणि मागे भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात काहीतरी आहे. ते दाखवायला कोणी बोट करत नाही. डोळे अंधाराला सरावले की दिसतं, नाही सरावले तर नाही दिसत. थिएटरमध्ये हे बघताना गंमत अशी होते की आधी एका कोपऱ्यातून कोणीतरी श्वास ओढून घेतं, मग दुसरीकडून, आणि ज्याला अजून दिसलेलं नाही तो बिचारा सगळ्यात जास्त घाबरतो.

पण त्यातला मला न पेललेला भाग हा नव्हे. रात्रीच्या रस्त्यावर एक अपघात होतो, काय ते सांगत नाही, ज्यांनी बघितलाय त्यांना कळलं असेल. अपघातानंतर कॅमेरा मागे वळतच नाही. गाडी चालवणाऱ्या त्या पोराच्या चेहऱ्यावर थांबतो, खूप वेळ थांबतो, पोरगं मागे बघत नाही, कोणाला फोन करत नाही, तशीच गाडी घरी आणतं आणि जाऊन पलंगावर आडवं होतं. सकाळी आई गाडीकडे जाते आणि तिचा आवाज आपल्याला लांबून ऐकू येतो, पडद्यावर मात्र अजून तोच चेहरा, उघडे डोळे. भूत नाही, रक्त नाही, काही नाही. इतकं खरं वाटतं कारण असं काही भयंकर घडल्यावर माणूस असाच वागत असणार, किंचाळत नसणार. टोनी कोलेटने त्या आईचं काम जे केलंय त्याला त्या वर्षी ऑस्करचं नॉमिनेशनसुद्धा मिळालं नाही याचा मला आजही राग येतो. शेवटचा भाग मला थोडा कमी आवडतो, तिथे सगळं उलगडून सांगायला लागतात, आणि सांगितलेल्या गोष्टीची भीती कमी होते.

आवाजाबद्दल बोलायचं तर 'द शायनिंग', कुब्रिकचा, १९८०. हिवाळ्यात बंद असलेलं हॉटेल सांभाळायला आलेलं नवरा-बायको-मुलगा असं कुटुंब. छोटा डॅनी हॉटेलच्या रिकाम्या कॉरिडॉरमधून तीनचाकी सायकल चालवतो आणि कॅमेरा त्याच्या मागे जमिनीलगत सरकत जातो. लाकडी फरशीवर चाकांची खडखड, गालिचा आला की एकदम शांत, परत लाकूड आलं की खडखड, परत शांत. एवढंच. पण प्रत्येक वळणाला आपलं पोट आवळतं, कारण कॅमेरा त्याच्याच उंचीवर आहे आणि वळणापलीकडचं त्याला दिसत नाही तोवर आपल्यालाही दिसत नाही. हेडफोन लावून हा सीन एकदा ऐका. आणि तो टाईपरायटरचा सीन, नवरा इतके दिवस काय लिहितोय ते बायको जाऊन बघते तर पानांच्या गठ्ठ्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच वाक्य. कागदाची एवढी भीती दुसऱ्या कुठल्या सिनेमात वाटली नाही मला.

सैतानाने झपाटलेल्या मुलीच्या 'द एक्झॉर्सिस्ट' चं नाव घेतलं की सगळे मान फिरण्याबद्दल बोलतात. मला त्यातला हॉस्पिटलचा सीन जास्त भयानक वाटतो. मुलीला काय झालंय ते कळेना म्हणून डॉक्टर तिची तपासणी करतात, मानेत सुई घालतात, एक्सरेचं मशीन धाडधाड वाजतंय, आणि आई बाहेर. सैतान तर अजून नीट आलेलाही नाही. दिग्दर्शक फ्रीडकिनने हा भाग इतका कोरडा, जवळजवळ माहितीपटासारखा घेतलाय की ज्यांनी घरातल्या लहान पोराला कधी ॲडमिट केलंय त्यांना तो बघवणार नाही. पुढे मुलीच्या खोलीत सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघते ना, ती खरी आहे, सेटवर खोलीच गोठवली होती, १९७३ सालची गोष्ट. नट खरंच कुडकुडत होते आणि ते दिसतं.

आता जपानी. 'रिंगू', हिदेओ नाकाताचा, १९९८, आणि हॉलिवूडवाला नको, मूळच बघा. एक व्हिडिओ कॅसेट बघितली की सात दिवसांनी माणूस मरतो. त्या कॅसेटमध्ये काय आहे तर आरशासमोर केस विंचरणारी बाई, डोक्यावर टॉवेल घेतलेला एक माणूस एकीकडे बोट दाखवतोय, एक विहीर. किंकाळी नाही, काही नाही. कशाचा कशाशी संबंध लागत नाही आणि म्हणूनच ते डोक्यातून जात नाही. सादाकोची, म्हणजे टीव्हीतून बाहेर येणाऱ्या त्या भुताची, ती तुटक चाल आठवत असेल, ती नटीला उलटं चालायला लावून शूट केली आणि फिल्म उलटी फिरवली, त्यामुळे माणूसच चालतोय हे डोळ्यांना कळतं पण कुठेतरी काहीतरी चुकतंय हेही कळतं.

पण रिंगूची खरी भीती टीव्हीतून बाहेर येण्यात नाहीये असं माझं ठाम मत आहे. (ज्यांनी बघितला नाहीये त्यांनी पुढच्या परिच्छेदावर जा.) शेवटी नायिकेला, कॅसेटचा शोध घेणाऱ्या पत्रकार बाईला, कळतं की कॅसेटची कॉपी काढून दुसऱ्या कोणाला तरी दाखवली तर आपण वाचतो. तिच्या लहान मुलाने ती बघितलेली आहे. ती फोन करते आपल्या वडिलांना, गाडीत व्हीसीआर ठेवते आणि निघते. संपला सिनेमा. आई म्हणून ती जे करतेय ते चूक आहे हे मी म्हणू शकत नाही, आणि नातवासाठी आजोबा कदाचित हो म्हणतीलही, पण मग ते आजोबा पुढे कोणाला दाखवणार? हा प्रश्न मी किती वेळा मनात घोळवलाय. भूत मारतं ते एक वेळ परवडलं, इथे तर आपल्याच माणसाची निवड करायला लागते.

आपल्याकडचं विचाराल तर रामसे बंधूंचे सिनेमे मी प्रेमाने बघते, 'पुराना मंदिर' मधला राक्षस सामरी म्हणजे अनिरुद्ध अग्रवालचा तो चेहरा कोण विसरेल, पण ती मजा आहे, भीती नाही. भीती राम गोपाल वर्माने आणली, 'रात' मधून, १९९२. साधं मध्यमवर्गीय कुटुंब, साधं घर, आणि जमिनीलगत सरकत घरात शिरणारा कॅमेरा, कोणाच्या नजरेतून बघतोय ते न सांगता. जुनी हवेली नाही, धुकं नाही, विजा नाहीत. रेवतीचं त्यात जे काम आहे ते बघून मग तीस वर्षांनी आलेला मल्याळम 'भूतकालम्' बघा, त्यातही रेवतीच आहे, या वेळी आईच्या भूमिकेत. आजी वारलेली आहे, भाड्याच्या घरात आई आणि तरुण मुलगा, आईला डिप्रेशन, मुलगा बेकार आणि प्यायला लागलाय, दोघांचं एकमेकांशी धड बोलणं नाही. घरात काहीतरी आहे असं त्याला वाटतं आणि कोणाचाच विश्वास बसत नाही कारण दोघांचीही मनं ठीक नाहीत हे सगळ्यांना माहितीये. कितीतरी वेळ आपल्यालाही ठरवता येत नाही. घरात दोनच माणसं आणि दोघं एकमेकांना घाबरतायत, याहून वाईट काय असणार. रेवतीला या कामासाठी केरळचा राज्य पुरस्कार मिळाला आणि तो अगदी योग्य होता.

आणि 'तुंबाड'. याच्यावर एवढं लिहून झालंय की मी फक्त आजीबद्दल बोलते. राही बर्वेचा सिनेमा, २०१८ चा, नाव श्री. ना. पेंडश्यांच्या कादंबरीवरून पण गोष्टीचं बीज नारायण धारपांच्या 'आजी' या कथेतलं, आणि धारपांची कथा पुन्हा स्टीफन किंगवरून आलेली. सुवर्णमुद्रा, हस्तर हा शापित देव, तो गर्भासारखा लाल खड्डा, हे सगळं जबरदस्त आहे, बघताना तोंडात बोट जातं, पण घाबरवते ती पहिल्या भागातली म्हातारी. साखळदंडाने बांधलेली, तिला वेळेवर भरवायचं, ती जागी झाली तर हस्तरचं नाव घ्यायचं. आई नाहीये आणि भरवायचं काम एका लहान पोरावर आलंय.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे जे भिडतं ते बाहेरच्याला तितकं भिडेल का मला शंका आहे. माझी पणजी शेवटी माजघराशेजारच्या अंधाऱ्या खोलीत अंथरुणाला खिळून होती, तिला पेज भरवायला आम्हा मुलांना पाठवायचे, आणि तिच्यावर जीव असूनसुद्धा त्या खोलीचा उंबरा ओलांडताना पाय जड व्हायचे. तो वास, ते अचानक मनगट धरणं, मधेच दुसऱ्याच कोणाच्या नावाने हाक मारणं. त्या वयात याची भीती वाटते आणि भीती वाटते म्हणून लाजही वाटते, आणि हे कोणाशी बोलता येत नाही. तुंबाडने नेमकं तेच पकडलंय. तिला राक्षसीण केलीय हे खरं, पण ती घरातलीच आहे, तिला टाकून देता येत नाही, भरवावंच लागतं. त्या म्हातारीचं काम मोहम्मद समद नावाच्या मुलाने केलंय, ज्याने पुढे नायक विनायकच्या मुलाचं, पांडुरंगचंही काम केलं. हे कळल्यावर मी तो भाग परत बघितला आणि तरीही कुठे पोरगा दिसला नाही.

मराठीत 'लपाछपी' चुकवू नका. विशाल फुरियाचा, पूजा सावंत आणि उषा नाईक. नंतर हिंदीत त्याचा 'छोरी' झाला पण मूळ सरस आहे. आठ महिन्यांची गरोदर बाई आणि चहूबाजूंनी ऊस. उसाच्या फडात जे कधी शिरलेत त्यांना माहितीये, दोन हातांवरचं दिसत नाही, पात्यांनी अंग कापतं, आणि सळसळ कुठून येतेय ते कळत नाही. त्यासाठी रात्र लागत नाही, भर दुपार पुरते. विषय स्त्रीभ्रूणहत्येचा, त्यामुळे भूत कोणाचं आणि राग कोणावर हे कळायला लागतं तशी भीतीची दिशाच बदलते, जिवंत माणसांकडे वळते. शेवटाला थोडी भाषणबाजी आहे, पण माफ.

तुम्ही मोबाईलवर बघता असं लिहिलंय, तर त्याबद्दल एक विनंती. वर सांगितलेल्या जवळपास प्रत्येक सिनेमात भीती फ्रेमच्या कोपऱ्यात आहे, नाहीतर बारीक आवाजात. सहा इंचाच्या स्क्रीनवर, ट्यूबलाईट चालू ठेवून, मधेच व्हॉट्सॲप बघत ती सापडणार नाही, त्यात सिनेमाचा दोष नाही. टीव्हीला जोडा, खोलीतला दिवा बंद करा, आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पहिल्यांदा 'भूतकालम्' बघा कारण तो घरगुती आहे आणि सोपा आहे, मग 'रिंगू', मग धीर आला की 'द इनोसंट्स'. 'हेरेडिटरी' मात्र घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर इतक्यात बघू नका, काही महिने जाऊ द्या.