पर्यावरण अहवालाने धोरण बदललं की नाही, हे कसं ओळखायचं?

शेकडो तज्ज्ञ वर्षानुवर्षं खपून पर्यावरणाच्या स्थितीचे अहवाल काढतात, त्यांचा धोरणावर परिणाम झाला का हे तपासायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. हे काम मी काही वर्षं केलं, त्यातली सुरुवातीची चुकीच्या पद्धतीने. डाउनलोड किती, बातम्या किती, परिषदांत उल्लेख किती, असले तक्ते भरत बसायचो. आकडे भरघोस यायचे. पण यातून कुठला निर्णय फिरला, असं कुणी विचारलं की बोलती बंद.

मग काम उलट्या टोकाने धरलं. अहवाल निघायच्या आधीच लिहून ठेवायचं : कुठला निर्णय होऊ घातलाय, कोण घेणार, कधी, आणि आजच्या मसुद्यात नेमके शब्द काय आहेत. पुढचे मसुदे त्याच्या शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचायची. एका मसुद्यात ‘शक्य तेथे पाणथळ जागा राखाव्यात’ असं होतं. आमच्या अहवालानंतरच्या मसुद्यातून ‘शक्य तेथे’ उडालं होतं आणि तळटीपेत आमच्या प्रकरणाचा क्रमांक होता. सगळ्या तक्त्यांपेक्षा मला ती तळटीप मोलाची वाटली.

तरीही कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडलेली असू शकते. म्हणून मसुदा लिहिणाऱ्यांना, आणि त्याला विरोध करणाऱ्यांनाही, विचारायचं : हा अहवाल नसता तर काय झालं असतं?

माग काढणं सगळीकडे इतकं सोपं नसतं. ओझोनबाबत आहे, कारण 1990 पासून किमान दर चार वर्षांनी ताज्या शास्त्रीय माहितीवरून बंधनं तपासायची, हे ओझोनचा थर वाचवण्यासाठीच्या 1987 च्या माँट्रियल करारातच लिहिलंय. अहवालाला दार आधीच करून ठेवलेलं! 1990 मध्ये लंडनला विकसित देशांसाठी सीएफसी (ओझोनचा थर विरवणारी रसायनं) बंद करायची मुदत 2000 ठरली, 1992 मध्ये कोपनहेगनला ती 1996 वर आली. उलट 2005 च्या सहस्रक परिसंस्था मूल्यांकनाची, म्हणजे जगभरच्या परिसंस्थांची स्थिती तपासणाऱ्या अहवालाची, वाट बघत असा एखादा करार थांबलेला नव्हता. ‘परिसंस्था सेवा’ (निसर्गाकडून माणसाला मिळणारे फायदे) हा शब्दप्रयोग त्यामुळे धोरणाच्या भाषेत पसरला, पण असा परिणाम दोन वर्षांत मोजायला गेलात तर हाती शून्य येईल. पाच-सात वर्षांनंतरच्या फेरतपासणीचे पैसे आधीच बाजूला काढा.

आणि ती तपासणी अहवालाच्या लेखकांकडे देऊ नका. मी लेखकांपैकीच एक होतो. मला प्रत्येक मसुद्यात आमचंच वाक्य दिसायचं.