वाडा दाखवून मुलींची शिष्यवृत्ती निघेल का?

प्रश्न : आमचा वाईत दीडशे वर्षांचा वाडा आहे. गेल्या डिसेंबरात सुनेकडे अमेरिकेला गेले होते. तिथल्या गावातल्या महिला मंडळाने पाच-सहा जुनी घरं तिकीट लावून दाखवली आणि ते पैसे गावातल्या मुलींच्या कॉलेजसाठी दिले. दिवाळीच्या सुट्टीत आपणही दोन दिवस असं करावं, असं मनात आहे. पण धाकटे दीर म्हणतात, ‘वाडा म्हणजे काय प्रदर्शन आहे का?’ पैसे तरी किती जमतील? कुठून सुरुवात करू?
— एक वाचक, वाई

उत्तर : ताई, आधी पैशांचं बोलू, कारण उत्साह तिथेच मावळतो. जुन्या माडीवर एका वेळी पंधरापेक्षा जास्त माणसं चढवू नका. दिवसाला सहा तुकड्या धरल्या तर दोन दिवसांत एकशेऐंशी माणसं होतील. माणशी दोनशे रुपये म्हणजे छत्तीस हजार, तेही सगळी तिकिटं खपली तर. पत्रकं, चहा, सफाई यांचा खर्च वजा जाता तीसेक हजार उरतील. खानावळीला महिन्याला तीन हजार धरले, तर एका मुलीचं दहा महिन्यांचं जेवण त्यात भागतं. मला हा आकडा लहान वाटत नाही. मात्र पत्रकावर ‘गरजू विद्यार्थिनींना मदत’ असं मोघम छापू नका, ‘एका मुलीची वर्षाची खानावळ’ असंच छापा.

खानावळच का? खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्कही माफ आहे. पण साताऱ्याला किंवा पुण्याला राहायचं कुठे आणि जेवायचं काय, हे त्या माफीत बसत नाही, आणि मुली शिक्षण सोडून परत येतात त्या बहुतेक याच कारणाने.

एकट्या वाड्यावर भिस्त नको. इंग्लंडमध्ये १९२७ साली गावोगाव फिरणाऱ्या परिचारिकांच्या निधीसाठी लोकांनी आपल्या खासगी बागा उघडल्या. दर माणशी एक शिलिंग होता, पण बागा ६०९ होत्या. जमले आठ हजार पौंडांवर. तुमच्या आळीत असे तीन वाडे सहज निघतील. तिकीट एकच ठेवा.

दाखवायचं काय? तुळया आणि कडीपाट लोक पाहतीलच. मी तुमच्या जागी असते तर माजघरात उभी राहून वाराने जेवणाऱ्या मुलांबद्दल बोलले असते. वाईला प्राज्ञपाठशाळेत शिकायला मुलं लांबून येत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पार धुळ्याकडच्या पिंपळनेरहून आले होते. परगावच्या विद्यार्थ्याला आठवड्यातला एक वार ठरवून जेवू घालायची रीत अशा गावांतून होती. तुमच्या घरी कुणी वाराने जेवत असे का, हे घरातल्या थोरल्यांना विचारून ठेवा. कळलं तर तेच सांगा. नाहीच कळलं तर रचून सांगू नका, वाईत लगेच कुणीतरी खोडून काढेल.

देवघर आणि राहत्या खोल्या बंद ठेवा. जिन्याच्या पायऱ्या आणि माडीची तक्तपोशी महिनाभर आधी सुताराकडून ठोकून बघून घ्या. वाळवी लागलेली फळी वरून साबूत दिसते, पाय पडला की कळतं. पावसाळा नुकताच संपलेला असतो, तेव्हा भिंतीची ओलही बघा.

पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नका, मुलाच्या यूपीआयवर तर मुळीच नको. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला एखादा न्यास, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा असला तर उत्तमच, सोबत घ्या आणि त्याचीच पावती द्या. मुलगी कोण, हे शाळेतल्या बाईंनी आणि न्यासाने ठरवावं. वाड्यातल्या कुणी त्यात पडू नये. आणि एक गोष्ट मी हट्टाने सांगते, त्या मुलीला चौकात उभी करून, शाल घालून, पाहुण्यांसमोर पाकीट देऊ नका. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला ते पाकीट फार जड होतं. दिवाळीत जमलेले पैसे न्यासाच्या खात्यात राहू द्या. तिला ते पुढच्या प्रवेशाच्या वेळी लागतील.

आता दीर. मिळकत पत्रिकेवर त्यांचं नाव असेल तर त्यांची लेखी संमती घ्यावीच लागेल, तोंडी ‘करा की’ पुरत नाही. त्यांचा आक्षेप मला अगदीच वावगा वाटत नाही. आपल्या आजीच्या खोलीत परके लोक मोबाइल घेऊन फिरणार, हे सगळ्यांनाच रुचत नाही. त्यांना हिशेबाची वही सांभाळायला सांगून बघा. विरोध करणारा माणूस हिशेब चोख ठेवतो. तरीही त्यांच्या वाटणीची बाजू दाखवायला ते तयार नसतील, तर त्या दाराला पडदा लावा, आणि वाडा दाखवणाऱ्या मुलांना बजावून ठेवा की त्या दाराबद्दल कुणी विचारलं तर पुढच्या खणाकडे चालू लागायचं.