शुद्ध केलेला अ‍ॅसिटिलकोलीन रिसेप्टर विष बांधतो, पण वाहिनी उघडत नाही. काय चुकतंय?

तुम्ही टॉर्पेडो माशाच्या विद्युत-अवयवातून निकोटिनिक रिसेप्टर (निकोटिनलाही प्रतिसाद देणारा अ‍ॅसिटिलकोलीन रिसेप्टर, जो स्वतःच आयनांची वाहिनी असतो) काढून निव्वळ फॉस्फॅटिडिलकोलीन या लिपिडाच्या पुटिकांत, म्हणजे पटलाच्या सूक्ष्म पिशव्यांत, बसवला आहे. बंगारोटॉक्सिन हे सापाचं विष व्यवस्थित बांधलं जातं, पण अ‍ॅसिटिलकोलीनसारखं काम करणारं कार्बाकोल दिल्यावर आयन आत जात नाहीत. एवढ्यावरून प्रथिन मेलं असं ठरवू नका. मला आधी संशय येतो तो भोवतालच्या लिपिडांचा, म्हणजे पटल ज्यांचं बनतं त्या स्निग्ध रेणूंचा.

बंगारोटॉक्सिन बसतं ती जागा पटलाबाहेर, पाण्यात असते आणि वाहिनीचं दार तिथून सुमारे ५ नॅनोमीटर खाली, पटलाच्या पोटात. त्यामुळे विष बांधलं गेलं, याचा अर्थ वरचा भाग शाबूत आहे, इतकाच. रिसेप्टरला पाच उपघटक, प्रत्येकाच्या चार वेटोळ्या (एम१ ते एम४) पटल ओलांडतात. एम२ छिद्राच्या कडेने असते, तर एम४ सगळ्यांत बाहेर, थेट लिपिडांना खेटून. एम४ आपल्या शेजारच्या एम१ आणि एम३ला घट्ट टेकलेली असली तरच वरची हालचाल दारापर्यंत पोचते, हे स्पष्टीकरण मला सर्वांत पटतं. निव्वळ फॉस्फॅटिडिलकोलीनमध्ये ही टेकण सैल पडते. कार्बाकोल बसतं, पण निरोप खाली जातच नाही.

ही अवस्था आणि डिसेन्सिटायझेशन (उत्तेजक सतत राहिल्याने वाहिनी बंद पडणं) यांची गल्लत फार होते. डिसेन्सिटाइझ झालेला रिसेप्टर कार्बाकोल जास्त घट्ट धरतो. सुटलेल्या जोडणीच्या रिसेप्टरची पकड विश्रांतीतल्यासारखी सैलच राहते. तेव्हा बंधनाची तीव्रता मोजून आधी हे तपासा.

उपाय म्हणजे कोलेस्टेरॉल आणि ऋणभारित लिपिड, दोन्ही. फॉस्फॅटिडिलकोलीन, फॉस्फॅटिडिक आम्ल (हेच ते ऋणभारित लिपिड) आणि कोलेस्टेरॉल ३:१:१ या मोलर प्रमाणात घ्या. दोन्हींतलं एकच घातलं तर प्रतिसाद अर्धवट येतो. क्लोरोफॉर्ममधले लिपिड एकत्र करून नायट्रोजनच्या झोतात सुकवा, मग निर्वातात ठेवून उरलेलं क्लोरोफॉर्म पूर्ण घालवा आणि कोलेट हे डिटर्जंट असलेल्या बफरमध्ये विरघळवा. अ‍ॅफिनिटी स्तंभावर (रिसेप्टरला निवडून धरून ठेवणाऱ्या शुद्धीकरणाच्या नळीत) प्रथिन चिकटलेलं असतानाच या मिश्रणाने भरपूर धुवा, म्हणजे माशाचे मूळ लिपिड जाऊन तुमचे येतील. नंतर ४ अंशांवर बफर पुन्हा पुन्हा बदलत डायलिसिस करून कोलेट काढा.

सगळ्यात महागात पडणारी चूक या धुण्यातच होते. एकदा जरी लिपिडाविना नुसत्या डिटर्जंटने धुतलंत, तर प्रथिनाला चिकटलेलं शेवटचं लिपिडही निघून जातं आणि नंतर कितीही लिपिड घातलं तरी वाहिनी पूर्ववत होत नाही. म्हणून धुण्याच्या प्रत्येक बफरमध्ये लिपिड हवंच. दुसरं, फॉस्फॅटिडिक आम्ल कॅल्शियमला धरून पुटिकांचे गठ्ठे करतं. डायलिसिसच्या बफरमध्ये कॅल्शियम नको, कॅल्शियम पकडून ठेवणारं थोडं ईडीटीए ठेवा. पुटिका मुळातच गळक्या असतील तर आयनांचा प्रवाह मोजून काही हाती लागणार नाही, तेव्हा रिकाम्या पुटिकांची गळती आधी बघा.

सेरोटोनिन १ए रिसेप्टर जी-प्रथिनामार्फत काम करतो, त्याची रचना अगदी वेगळी, तरी कोलेस्टेरॉलशिवाय त्याचंही अडतं. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र संशोधन संस्थेत गोवंशीय हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूच्या एका भागाच्या) पटलांतून कोलेस्टेरॉल ओढून घेणाऱ्या मिथाइल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनने कोलेस्टेरॉल काढलं, तेव्हा लिगँडचं, म्हणजे रिसेप्टरला बसणाऱ्या रेणूचं, बंधन घटलं. कोलेस्टेरॉल परत घातल्यावर ते बरंचसं सावरलं. तुम्ही असा प्रयोग केलात तर परत घालण्याची ही पायरी वगळू नका. सायक्लोडेक्स्ट्रिन जास्त झालं तर फॉस्फोलिपिडही ओढतं, त्यामुळे दर वेळी कोलेस्टेरॉलबरोबर फॉस्फेटही मोजा. फॉस्फेट घसरलं असेल, तर बंधनातल्या घटीचं खापर एकट्या कोलेस्टेरॉलवर फोडता येणार नाही.