साके वाईन आहे का, आणि बाटलीवरच्या ‘दाइगिंजो’ला किती भाव द्यायचा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, नक्की कशात मोडते आणि ‘दाइगिंजो’ लिहिलेली महागडी साके घेतली तरच चांगली मिळते का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, नाही. बाटलीवरची ती नावं म्हणजे चवीचे मार्क नाहीत, तांदूळ किती घासला आणि वरून अल्कोहोल घातलं का, मुख्यतः एवढंच त्यातून कळतं. पण ते नीट समजायला आधी ती बनते कशी हे बघावं लागेल.

राईस वाईन म्हणतात सगळे, पण वाईनशी तिचं फारसं नातं नाहीये. द्राक्षात साखर तयारच असते, यीस्ट पडलं की काम सुरू. तांदळात असतो स्टार्च आणि यीस्टला स्टार्च पचत नाही. बिअरवाले बार्लीला मोड आणून आधी साखर करून घेतात आणि नंतर आंबवतात, जपान्यांनी हेच काम एका बुरशीकडे दिलंय, आस्परगिलस ओरायझी नाव तिचं. वाफवलेल्या तांदळावर तिचे बीजाणू भुरभुरायचे आणि गरम दमट खोलीत साधारण दोन दिवस तो तांदूळ सांभाळायचा, उलटायचा, मोकळा करायचा, तापमान फार वर गेलं की पसरून ठेवायचा, रात्रीबेरात्री उठून सुद्धा. ही झाली कोजी, दाणा चावला तर गोडसर लागतो. माझ्या मते साकेची निम्मी अक्कल याच खोलीत असते. बऱ्याच ब्रूअरीत कामगारांना सीझनभर नात्तो (आंबवलेलं सोयाबीन) खायला बंदी असते, कारण त्यातले चिवट बॅक्टेरिया कोजीत शिरले तर सगळंच बोंबललं.

मग थोडा भात, कोजी, पाणी आणि यीस्ट घेऊन आपण दह्याला विरजण लावतो तसं छोटं विरजण लावतात, त्याला शुबो म्हणतात. लॅक्टिक आम्ल बाहेरून घातलं तर दोनेक आठवड्यात तयार, बाटलीवर किमोतो किंवा यामाहाई लिहिलं असेल तर ते आम्ल बॅक्टेरियाकडून आपोआप तयार होऊ दिलेलं असतं, वेळ साधारण दुप्पट आणि चव बहुतेकदा जास्त भरदार, आंबटसर. मोठ्या टाकीत मात्र सगळा माल एकदम ओतत नाहीत, चार दिवसांत तीन हप्त्यांत घालतात आणि दुसऱ्या दिवशी चक्क सुट्टी, म्हणजे यीस्टला वाढायला वेळ मिळतो, नाहीतर ते त्या ढिगात हरवून जाईल. आता टाकीत एकीकडे कोजी स्टार्चची साखर करतेय आणि त्याच वेळी यीस्ट ती साखर खाऊन अल्कोहोल करतंय, साखर एकदम साठतच नाही त्यामुळे यीस्ट गुदमरत नाही आणि डिस्टिल न करता अल्कोहोल २० टक्क्यांपर्यंत जातं. तीन-चार आठवड्यांनी दाबून गाळतात, बहुतेक वेळा पाश्चराइझ करतात, आणि पाणी घालून १५-१६ टक्क्यांवर आणतात. पाणी न घातलेली ती गेंशू, पाश्चराइझ न केलेली नामा. (शोचू ही दुसरी जपानी दारू वेगळी, ती डिस्टिल केलेली असते, दोन्हीत गल्लत करू नका.)

आता नावं. जेवायच्या तांदळाचा वरचा ८-१० टक्के भाग काढतात, साकेत त्याहून बराच, कारण प्रोटीन आणि फॅट बाहेरच्या थरात जास्त असतं आणि स्टार्च मधोमध. लेबलवर जो टक्का असतो तो उरलेल्या दाण्याचा, म्हणजे ६० लिहिलं तर ४० टक्के पीठ होऊन गेलं. ६० किंवा खाली म्हणजे गिंजो, ५० किंवा खाली म्हणजे दाइगिंजो. नावात जुनमाई असेल तर फक्त तांदूळ, कोजी, पाणी, नसेल तर थोडं अल्कोहोल घातलेलं असतं, तांदळाच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत, आणि ते फसवणूक म्हणून नव्हे, त्याने सुगंध मोकळा होतो. होंजोझो त्यातलीच, तिला ७० ची मर्यादा. साध्या जुनमाईला पण पूर्वी ७० ची अट होती, २००४ पासून काढली. यातल्या कशातच न बसणारी ती फुत्सूशू, म्हणजे रोजची.

जास्त घासून कमी तापमानाला हळूहळू आंबवलं की केळं, सफरचंद असा वास येतो, दाइगिंजोचे पैसे त्याचे आणि वाया गेलेल्या तांदळाचे. पण घासताना भाताची ती जाडसर उमामी (तोंडात रेंगाळणारी, खमंग) चव पण जाते ना. शिवाय सरकारी दर्जावर किती विसंबायचं बघा, १९९२ पर्यंत तिकडे स्पेशल, पहिला, दुसरा असे वर्ग होते, तपासणीला न पाठवलेली साके आपोआप दुसऱ्या वर्गात आणि तिच्यावर टॅक्स कमी, मग काही चांगले ब्रूअर मुद्दाम पाठवायचेच नाहीत आणि उत्तम माल दुसऱ्या वर्गाचा म्हणून विकायचे.

तेव्हा पहिल्यांदा घेताय तर साधी जुनमाई घ्या, अर्धी थंड प्या आणि अर्धी ४० डिग्रीच्या आसपास कोमट करून, जेवणासोबत. दाइगिंजो मिळालीच तर थंडच प्या, गरम केलीत तर ज्या वासाचे पैसे मोजले तो उडून जाईल. आणि नामा असेल तर ती फ्रिजमध्येच ठेवा, बाहेर राहिली की लवकर बिघडते.